टीव्हीवरच्या मुलाखतीनंतर लोक जे बोलतात, त्यावरून वारं कळतं का?

कराड तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "निवडणूक जवळ आली की आमच्या गावात नेत्यांच्या टीव्हीवरच्या मुलाखती झाडून सगळे बघतात. मुलाखत संपायच्या आतच ग्रुपवर मेसेज सुरू होतात, आणि सकाळी पारावर भांडणं. निम्मे म्हणतात आमच्या नेत्यानं अँकरला गप्प केलं, निम्मे म्हणतात त्याला घाम फुटला. या प्रतिक्रियांवरून निकालाचा अंदाज बांधता येतो का? आणि मुलाखत बघून कुणाचं मत खरंच फिरतं का?"

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मतदारांच्या गटचर्चा घेणं आणि सर्वेक्षणासाठी घरोघरी जाऊन प्रश्न विचारणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. मुलाखतीच्या रात्री उमटणाऱ्या प्रतिक्रियांवरून निकाल कळत नाही. त्या प्रतिक्रिया नेत्याबद्दल थोडं सांगतात आणि बोलणाऱ्याबद्दल पुष्कळ. मत फिरतं का, याचं उत्तर जरा लांबचं आहे. फिरतं ते क्वचित, आणि फिरलं तर बहुतेक वेळा पुढच्या आठ-दहा दिवसांतल्या माणसामाणसांच्या बोलण्यात फिरतं. त्यामुळे या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सांगतो की त्या रात्रीचं बोलणं जरूर लिहून ठेवा, पण भरवसा ठेवा आठवड्यानंतर काय आठवतं त्यावर. आणि त्याहून जास्त, "त्यांना काय विचारायला पाहिजे होतं?" या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावर.

पहिल्या रात्रीचं बोलणं आधी घेऊ. एकाच मुलाखतीबद्दल एकाच खोलीत बसलेली दोन माणसं "त्यो पैसं घिऊन बसलाय" असं अँकरबद्दल म्हणतात, आणि दोघांच्या मते पैसे देणारा पक्ष वेगळा असतो. हे आपल्याकडचंच खास आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९८५ साली यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये बैरुतच्या निर्वासित छावण्यांत हत्याकांड झालं होतं. त्याच्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच होत्या, तरी दोन्ही गटांना त्या आपल्या विरुद्ध झुकलेल्या वाटल्या. ज्याची बाजू ठरलेली आहे त्याला समतोल प्रश्नसुद्धा टोचतो, कारण त्याला आपल्या बाजूची सगळी माहिती असते आणि ती पडद्यावर आली नाही की अन्याय झाल्यासारखं वाटतं. म्हणून ग्रुपवर सर्वांत चिडून लिहिणारा माणूस अडाणी असतो हा समज सोडून द्या. बहुधा तोच गावात सगळ्यात जास्त बातम्या बघणारा असतो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट जवळपास प्रत्येक गटचर्चेत ऐकू येते: "आम्हाला काय फरक पडत न्हाय, पण बाकीची माणसं असल्या मुलाखतींना भुलत्यात." डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अभ्यासकाने १९८३ साली याचीच मांडणी केली होती. माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो, असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. "लोक काय म्हणतील?" असं विचारलं तर हाती येते ती लोकांबद्दलची समजूत. "तुम्हाला त्यातलं काय पटलं, काय खटकलं?" असं विचारलं तरच त्या माणसाचं स्वतःचं काहीतरी मिळतं.

तरीही पहिल्या रात्रीच्या गलक्यातून शिकण्यासारखं एक आहे. समर्थक कशाचं कौतुक करतायत ते नीट ऐका. "काय टोला हाणला", "गप केलं त्याला", "डोळ्यात डोळं घालून बोलले" एवढंच कौतुक चाललं असेल, तर उत्तरात सांगण्यासारखं फारसं नव्हतं असं खुशाल समजा. चांगलं उत्तर आलेलं असतं तेव्हा समर्थक उत्तरच सांगतो: अमुक योजनेचं पाणी अमुक महिन्यात येणार म्हणाले, अमुक रस्त्याचं टेंडर झालंय म्हणाले. दुसरी खूण म्हणजे समर्थकांचं गप्प बसणं. एरवी प्रत्येक फोटो पुढे ढकलणारा कार्यकर्ता आपल्याच नेत्याच्या मुलाखतीचा एकही तुकडा पाठवत नाही, तेव्हा आत काहीतरी दुखावलेलं असतं. विरोधकांच्या ओरडण्यापेक्षा या गप्प बसण्याकडे मी जास्त लक्ष देतो.

आता आपल्या भागाची एक अडचण. कृष्णा-कोयनेच्या काठच्या पट्ट्यात चारचौघांत राजकीय मत बोलणं हे अनेकांसाठी फुकटचं नसतं. साखर कारखाना, जिल्हा बँक, सोसायटी, दूध संघ, शिक्षण संस्था, सगळीकडे कुठल्या ना कुठल्या नेत्याचं घराणं बसलेलं आहे. ज्याचा मुलगा संस्थेत कारकून आहे, ज्याचं पीककर्ज नवं-जुनं व्हायचंय, ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे, तो पारावर चेअरमनच्या मुलाखतीला नावं ठेवणार नाही. विधानसभेच्या गेल्या चार निवडणुका बघा: २००९, २०१४ आणि २०१९ चं मतदान ऑक्टोबरमध्ये, २०२४ चं २० नोव्हेंबरला. म्हणजे प्रत्येक वेळी गाळप हंगाम तोंडावर. तोड कधी मिळणार या काळजीत असलेला शेतकरी त्या काळात जपून बोलतो. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये येते. तेव्हा ऊस गेलेला असतो, बिलाची वाट बघणं चालू असतं, आणि माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला टँकरची चर्चा असते. मी दोन्ही काळांत त्याच त्या गावांमध्ये बसलोय. उन्हाळ्यात मोकळेपणाने बोलणारी माणसं दिवाळीच्या सुमाराला मोजून मापून बोलतात. मत तेच असतं, फक्त बोलणं आवरलेलं असतं. पारावरच्या प्रतिक्रियांचा हिशोब मांडणाऱ्याने हा ऋतू लक्षात घेतला नाही तर हिशोब चुकतो.

मुलाखतीतलं किंवा पत्रकारांसमोरचं एखादं वाक्य नेत्याला बुडवतं का, याचं आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण आर. आर. पाटील यांचं आहे. २००८ च्या नोव्हेंबरमधल्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत अशा लहान घटना घडतात अशा अर्थाचं एक हिंदी वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. वाहिन्यांनी ते दिवसभर फिरवलं, देशभर संताप उसळला, आणि काही दिवसांत त्यांना गृहमंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. मुंबईच्या प्रेक्षकासाठी ते वाक्य म्हणजेच तो माणूस होता, कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. तासगाव-कवठेमहांकाळच्या मतदाराकडे मात्र पुष्कळ होतं. अंजनीचं घर, आबांचा साधेपणा, ग्रामस्वच्छता अभियान, तंटामुक्ती, कुणाच्या लग्नाला आणि कुणाच्या मयतीला आले होते ते. या सगळ्याशेजारी ठेवल्यावर त्या वाक्याचं वजन तिथे वेगळं भरलं. वर्षभरानंतर, २००९ मध्ये, तिथल्या लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं आणि ते पुन्हा गृहमंत्री झाले. ते वाक्य बरोबर होतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. ते चुकीचंच होतं, आणि ज्यांची माणसं त्या हल्ल्यात गेली त्यांचा संताप रास्त होता. मला सांगायचंय ते एवढंच की, ज्या नेत्याला मतदार पडद्याबाहेर ओळखतो त्याच्याबाबतीत मुलाखतीचा परिणाम थोडा, आणि ज्याला फक्त पडद्यावर ओळखतो त्याच्याबाबतीत मोठा. म्हणून आमदारकीच्या उमेदवाराची मुलाखत गावात करमणूक म्हणून बघितली जाते, आणि मुंबई-दिल्लीच्या नेत्याची मुलाखत पारख म्हणून.

उलट बाजूचं उदाहरण म्हणून लोक मला नेहमी साताऱ्याची पावसातली सभा सांगतात. १८ ऑक्टोबर २०१९ च्या संध्याकाळी शरद पवार भर पावसात बोलले, लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली असं जाहीर म्हणाले, आणि ते दृश्य त्या रात्रीपासून प्रत्येक फोनवर होतं. २१ तारखेला लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं मतदान झालं. मे महिन्यात सव्वा लाखांहून जास्त मतांनी निवडून आलेले उदयनराजे भोसले पक्ष बदलून उभे राहिले होते. ते सुमारे ८७ हजार मतांनी हरले आणि श्रीनिवास पाटील निवडून आले. "पावसानं निवडणूक फिरवली" हे वाक्य तेव्हापासून रूढ झालंय. माझं मत वेगळं आहे. उदयनराजेंनी खासदारकीचा राजीनामा सप्टेंबरमध्येच दिला होता. चार महिन्यांत पुन्हा मतदान कशाला, हा प्रश्न त्यानंतर महिनाभर जावळीपासून कोरेगावपर्यंत घराघरांत चालू होता. लोकांच्या मनात होतं ते त्या दृश्याने उघडपणे बोलण्याजोगं केलं. गप्प बसलेल्या माणसाला "मीपण तेच म्हणत होतो" असं म्हणायला जागा मिळाली. सभा असो की मुलाखत, टीव्हीवरच्या प्रसंगाची खरी ताकद मला इथे दिसते. तो नवं मत क्वचितच घडवतो, पण असलेलं मत बाहेर काढतो आणि माणसाला मतदानकेंद्रापर्यंत नेतो. आठशे-हजार मतदारांच्या बूथवर पन्नास माणसं जास्त बाहेर पडली तरी चित्र बदलतं.

नुसती लोकप्रियता म्हणजे परिणाम असं मानणाऱ्यांनी त्याच वर्षाची लोकसभा आठवावी. राज ठाकरे यांनी सभांमध्ये जुन्या चित्रफिती दाखवत सत्ताधाऱ्यांवर टीका केली. त्यांचं "लाव रे तो व्हिडिओ" शाळकरी पोरांच्याही तोंडी होतं. वाहिन्यांनी त्या सभा थेट दाखवल्या, मुलाखतींत त्यांचेच प्रश्न विचारले गेले. त्यांचा पक्ष लढत नव्हता, आणि निकालात भाजप-शिवसेना युतीने ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. त्याआधीचं उदाहरण गुजरातचं. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये नरेंद्र मोदी यांनी करण थापर यांची मुलाखत काही मिनिटांत सोडली. डिसेंबरमध्ये त्यांनी राज्य पुन्हा जिंकलं. बघितलं जाणं, आवडणं, पटणं आणि त्यावर मत देणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजता येते म्हणून सगळे तीच मोजतात.

मग परिणाम होतो तो कुठून? पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या ईरी कौंटीत त्याच मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. प्रचाराने मत बदललेली माणसं त्यांना फार थोडी सापडली. रेडिओ आणि वर्तमानपत्रातलं बोलणं आधी गावातल्या जाणत्या, ऐकून-वाचून असलेल्या माणसांकडे जातं आणि त्यांच्याकडून इतरांकडे, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे तो जाणता माणूस कोण हे शोधणं म्हणजे अर्धं काम. तो सरपंच असतोच असं नाही. विट्याच्या बाजूला गावी आलेला गलाई व्यावसायिक असतो, जो तमिळनाडू किंवा उत्तर प्रदेशात सोन्या-चांदीचं काम करतो आणि चार राज्यांतलं राजकारण बघून आलेला असतो. पाटण आणि जावळीत माथाडी कामगार असतो. नवी मुंबईच्या बाजारातून त्याचा फोन घरी येतो आणि "मुलाखत बघितली का?" हा विषय निघतो. आपशिंगेसारख्या गावात निवृत्त सुभेदार असतो. तासगावला बेदाण्याच्या सौद्यात बसणारा, सांगलीला हळदीच्या पेठेतला अडत्या, दूध संकलन केंद्रावरचा फॅट मोजणारा पोरगा, हे सगळे मुलाखतीचं आपापलं भाषांतर करून पुढे देतात. मुलाखतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी या माणसांकडे जा. त्यांनी त्यातलं काय ठेवलं आणि काय गाळलं, त्यावरून पुढे काय पोचणार ते कळतं.

आता पद्धतीबद्दल. आठवड्यानंतर विचारायचं, आणि मुलाखतीचं नाव न घेता सुरुवात करायची: "गेल्या आठवड्यात टीव्हीवर किंवा फोनवर कुठल्या नेत्याचं बोलणं लक्षात राहिलं?" एखाद्याला काहीच आठवत नसेल तर तेही उत्तर आहे, आठवण करून द्यायला जाऊ नका. माझा अनुभव असा की युक्तिवाद टिकत नाहीत. टिकतो एखादा आकडा, एखादा सूर आणि एखादी टाळाटाळ. २०२४ च्या विधानसभेआधी नेत्यांच्या प्रत्येक मुलाखतीत लाडक्या बहिणीचा विषय होता. महिन्याला दीड हजार मिळत होते, महायुती २१०० म्हणत होती, महाविकास आघाडी ३००० म्हणत होती. कुठल्या वाहिनीवर कोण काय म्हणालं हे बायकांना आठवत नव्हतं, पण तिन्ही आकडे बिनचूक पाठ होते. शिवाय दीड हजार खात्यावर आलेले होते आणि बाकीचे दोन आकडे बोलण्यातले होते, हा फरक त्या स्वतःहून सांगत होत्या.

नंतर विचारायचं, "मुलाखत घेणाऱ्याच्या जागी तुम्ही असता तर काय विचारलं असतं?" हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पक्षाबद्दल तोंड न उघडणारा माणूस इथे मोकळा होतो, कारण कुणाच्या बाजूने बोलल्यासारखं होत नाही. स्टुडिओत तासभर कोण कुणाबरोबर जाणार, पक्ष कुणी फोडला, मुख्यमंत्री कोण, हे चाललेलं असतं. वाळवा, पलूस, कराडच्या शेतकऱ्याला विचारायचं असतं की कायद्याने चौदा दिवसांत द्यायची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, तुकड्यातुकड्यांत का मिळते. २०२४-२५ ला ३४०० रुपये टन म्हणता, मग तोडणी-वाहतूक वजा करून माझ्या हातात किती, आणि काट्याची तपासणी कोण करतं? सांगलीत नदीकाठच्या माणसाला २०१९ चा ऑगस्ट विसरता येत नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याचा प्रश्न कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा आणि धरणांतून पाणी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्याचा असतो. जतच्या पूर्व भागातल्या लोकांचा प्रश्न म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याचा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या गावांवर दावा सांगितला, तेव्हा कॅमेरे तिकडे धावले, पण गावकरी बोलत होते ते पाण्याबद्दलच. कोयना धरणग्रस्तांच्या घरात आजही जमिनीच्या कागदांबद्दलच विचारतात.

हे न विचारलेले प्रश्न एका वहीत लिहून गावागावांतून गोळा केले की मतदाराच्या मनाचा जो नकाशा मिळतो, तो कुठल्याच वाहिनीच्या जनमतातून मिळत नाही. एखाद्या नेत्याने मुलाखतीत त्यातल्या एकाला जरी हात घातला, तारखेसह आणि रकमेसह, तर ते वाक्य टिकतं. २०२४ च्या लोकसभेला सांगलीच्या जागेवरून महाविकास आघाडीच्या पक्षांत मुंबईत महिनाभर वाद चालला, राज्यपातळीच्या मुलाखतींमध्ये तो विषय जागावाटपाचा म्हणून हाताळला गेला. इथे माणसं "आमचं आम्हाला कुणी विचारलंच न्हाय" असं म्हणत होती. माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या जिल्ह्यात हे वाक्य किती जड आहे हे स्टुडिओतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांचे नातू विशाल पाटील लिफाफा या चिन्हावर अपक्ष लढले आणि एक लाखाच्या फरकाने निवडून आले. न विचारलेल्या प्रश्नाचं वजन मोजण्यासाठी मी हे उदाहरण वर्गात नेहमी देतो.

बायकांबद्दल वेगळं सांगावं लागतं. घरात पुरुष बसलेले असताना प्रतिक्रिया विचारली तर "ह्यांनाच विचारा" एवढंच मिळतं, आणि "बायकांना राजकारणात रस नाही" असं अहवालात चुकीचं लिहिलं जातं. बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीपाशी, द्राक्षाच्या बागेत दुपारच्या सुट्टीत, बाई माणसाने बाई माणसाला विचारलं की चित्र पार बदलतं. त्या मुलाखत बऱ्याचदा स्वयंपाक करता करता नुसती ऐकतात. म्हणून चेहऱ्यापेक्षा आवाज त्यांना जास्त कळतो. कोण चिडला, कुणाचा आवाज खाली गेला, कोण मुलाखत घेणाऱ्या मुलीला "बाळ, तुला कळायचं नाही" म्हणून गेला, हे त्या नेमकं सांगतात. महिला पत्रकाराला दिलेलं तुच्छतेचं उत्तर पुरुषांच्या ग्रुपवर हशा मिळवतं आणि बचत गटात मत घालवतं. उमेदवारांच्या सल्लागारांना हे अजून पुरेसं उमगलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या गावात मुलाखत "सगळे बघतात" असं तुम्ही लिहिलंय. एकदा नीट विचारून बघा. पूर्ण चाळीस-पन्नास मिनिटं बघणारे हाताच्या बोटांवर निघतील, बाकीच्यांनी अर्ध्या मिनिटाचे तुकडे बघितलेले असतात. तुकड्यात बहुतेक वेळा प्रश्न कापलेला असतो, उत्तरानंतरचा उपप्रश्न तर हमखास. एक कांडं दाखवून फड केवढा आहे ते सांगण्यासारखं आहे हे. म्हणून भांडण सुरू झालं की आधी विचारा: पूर्ण बघितली का? यूट्यूबवर पूर्ण मुलाखत काढा आणि उपप्रश्न कुठे आला ते शोधा. चांगली मुलाखत तिथेच ओळखू येते. नेता म्हणाला "काम प्रगतिपथावर आहे", आणि मुलाखतकाराने "किती टक्के, पैसे किती आले, मुदत कुठली?" असं विचारलं, तर त्यापुढची दहा सेकंदं सगळ्या तासापेक्षा मोलाची. उपप्रश्न एकही नाही, प्रत्येक प्रश्नात कौतुक दडलेलं, आणि तोच मजकूर दोन-तीन ठिकाणी जवळपास शब्दशः, असं दिसलं तर ती पैसे देऊन करवून घेतलेली मुलाखत असण्याची शक्यता धरा. निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती असते, तिच्याकडे कुणालाही तक्रार करता येते. पेड न्यूज ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जातो. आपल्या राज्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. तक्रार करताना वाहिनीचं नाव, तारीख, वेळ आणि पूर्ण चित्रफीत द्या. नुसत्या रागाच्या अर्जाचा उपयोग होत नाही.

शेवटच्या दोन दिवसांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रतिक्रियांचा सर्वांत मोठा गोंधळ तेव्हाच होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदानक्षेत्रात टीव्हीवर निवडणुकीवर परिणाम करणारा मजकूर दाखवायला बंदी आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये गुजरातच्या दुसऱ्या टप्प्याच्या आदल्या दिवशी राहुल गांधींची मुलाखत वाहिन्यांवर आली, तेव्हा निवडणूक आयोगाने नोटीस काढली, नंतर ती मागे घेतली आणि माध्यमं बदलल्यामुळे या कलमाचाच फेरविचार करण्यासाठी समिती नेमली. अडचण टप्प्यांची आहे. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात पाच टप्पे होते. सातारा आणि सांगलीचं मतदान ७ मे रोजी, म्हणजे ५ मेच्या संध्याकाळी सहाला इथला प्रचार थांबला. पण १३ आणि २० मेच्या मतदारसंघांसाठी नेत्यांच्या मुलाखती राज्यभर चालूच होत्या, आणि त्या इथल्या घरांतही दिसत होत्या. गावातली माणसं मला विचारत, "प्रचार बंद हाय म्हणता, मग ह्यो कसा बोलतोय?" त्याला उत्तर एवढंच की मुलाखत दुसऱ्या टप्प्यासाठी होती आणि तुमचा टीव्ही तालुक्याची हद्द ओळखत नाही. त्या ४८ तासांत गोळा केलेल्या प्रतिक्रिया मी वेगळ्या ठेवतो, आधीच्या आठवड्यांत मिसळत नाही. तेव्हा माणसाचं ठरलेलं असतं आणि समोर येणारी प्रत्येक मुलाखत तो ठरलेल्याला आधार म्हणून ऐकतो. तुमच्या गावात पुढच्या निवडणुकीआधी असं काही लिहून ठेवायचं असेल तर सुरुवात मतदानाच्या निदान महिनाभर आधी करा, त्याच वीस-पंचवीस माणसांकडे दर आठवड्याला जा, निम्म्या बायका असू द्या, आणि वहीच्या पानावर कोणत्या नेत्याची मुलाखत हे लिहिण्याआधी त्या माणसाने काय विचारलं असतं ते लिहा.